सही एक, हस्ताक्षरे अनेक

बँकेत खाते उघडताना आपल्या सहीचा नमुना घेतात. पुढे सहीतली एखादी वेलांटी चुकली तरी धनादेश परत येतो. खातेदाराचे बाकीचे हस्ताक्षर कसे आहे, याच्याशी मात्र बँकेला कर्तव्य नसते. आपली विद्यापीठे आणि महाविद्यालये स्वतःच्या छापील रूपाकडे याच बँकेच्या नजरेने पाहतात, असे मला वाटते. बोधचिन्ह ही संस्थेची सही. तिचा आकार, तिचे रंग, तिच्याखालचे वचन यांत कानामात्रेचा फरक करण्यास कोणी धजत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ सालची. त्याच्या चिन्हातील गंडभेरुंड आणि गीतेतील वचन आजही जागच्या जागी आहे. आयुर्विमा महामंडळाच्या ज्योतीभोवतीचे दोन हात तर अक्षरओळख नसलेला माणूसही ओळखतो. पण सहीखेरीज संस्थेचे इतर लिखाण असतेच की! माहितीपत्रक, प्रवेशाची जाहिरात, युवक महोत्सवाचे भित्तिपत्रक, संकेतस्थळ, वार्षिक अंक या साऱ्यांवर जी चित्रे छापली जातात ते संस्थेचे हस्ताक्षर होय. आणि या हस्ताक्षराला कोणी वाली नाही.

विद्यापीठाने व त्याच्या महाविद्यालयांनी आपली चित्रे एका वळणाची ठेवावीत, हे मला या लेखात सांगायचे आहे. हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न असता तर त्यासाठी अंकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. परंतु आपले महाविद्यालय दोन भाषांचे आहे. येथे मराठी पान कन्नड मुलगा उलटून टाकतो आणि कन्नड पान मराठी मुलगी. दोघेही थांबून पाहतात असा मजकूर एकच, आणि तो म्हणजे चित्र. तो शब्दसुद्धा दोन्ही भाषांत एकच आहे. म्हणून ही जागा कोणी कशीही भरावी हे मला पटत नाही.

प्रथम आजची स्थिती पाहू. कोणत्याही महाविद्यालयाचे अलीकडचे माहितीपत्रक हाती घ्या. मुखपृष्ठावर इमारतीचे छायाचित्र असते. आत ग्रंथालयाच्या पानावर दौत आणि मोराचे पीस. क्रीडा विभागाच्या पानावर काळ्या सावल्यांचे धावपटू. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पानावर गुळगुळीत, गोल डोक्याची, नाकडोळे नसलेली बाहुली माणसे एकमेकांचे हात धरून उभी. विद्यार्थिनी कक्षाच्या पानावर गुलाबी रंगाची, केस उडणारी एक आकृती. आणि आमच्या वाणिज्य विभागाच्या पानावर वर जाणारा बाण व त्याच्या टोकाशी डॉलरचे चिन्ह! आम्ही वर्षभर वस्तू व सेवा कर, सहकार आणि भागीदारी संस्थेची खाती शिकतो. डॉलरशी आमची गाठ परकीय चलनाच्या एखाद्या प्रकरणापुरतीच. प्रवेशाच्या जाहिरातीतील विद्यार्थी तर पाठीवर पिशवी टाकून लाल-पिवळ्या पानांच्या झाडाखाली उभे असतात. ते झाड मेपलचे असते. बेळगावच्या जूनमधल्या पावसात प्रवेशाच्या रांगेत छत्री धरून उभ्या असलेल्या मुलांनी त्या झाडाशी काय नाते जोडावे?

ही सगळी चित्रे आंतरजालावरून उतरवून घेतलेली असतात. प्रत्येक विभागाला आपापला मजकूर देण्यास सांगितलेले असते, आणि प्रत्येक विभाग मजकुराबरोबर आपल्याला आवडलेले चित्रही देतो. आता तर संगणकाला चार शब्द सांगितले की तो चित्र काढून देतो. त्यामुळे एका पुस्तिकेत पूर्वी दहा तऱ्हा असत तेथे वीस होतील. यात कोणाचा आळस आहे असे मी म्हणत नाही. चित्र ही कोणाची जबाबदारी आहे हे ठरलेलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्वी असे होत नसे, आणि त्याचे कारण मोठे मजेदार आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्र छापायचे म्हणजे त्याचा ठसा करून घ्यावा लागे. रेषांच्या चित्राचा जस्ताचा लाइन ब्लॉक त्यातल्या त्यात स्वस्त पडे. छायाचित्रासाठी हाफटोन ब्लॉक लागे आणि तो नीट उठायचा तर गुळगुळीत आर्ट पेपरही लागे. तेव्हा साधा मार्ग असा की एकदा केलेला ठसा जपून ठेवायचा आणि वर्षानुवर्षे तोच वापरायचा. तीच समई, तीच सरस्वती, तेच उघडे पुस्तक. त्या काळच्या जुन्या अंकांची पाने आज एकसंध दिसतात ती गरिबीच्या कृपेने. साधनांच्या टंचाईमुळे जी शिस्त आपोआप येत होती, ती मुबलकतेच्या काळात मुद्दाम आणावी लागते. हे आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. हातात पैसा खेळू लागला की अंदाजपत्रकाची गरज वाढते, कमी होत नाही.

व्यापारी जगाने ही गोष्ट केव्हाच ओळखली. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांच्या हातून जन्माला आला. पुढे तो जगभरच्या शहरांत त्या त्या ठिकाणचा पोशाख घालून हिंडला. पण मिशा, पगडी आणि लवून नमस्कार करण्याची ढब यांवरून तो कोठेही ओळखू येई. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला खोडकर गट्टू काढला. त्याने रंगाच्या दुकानांच्या पाट्यांवर अनेक दशके राज्य केले. ही मंडळी आता निवृत्त झाली किंवा मागे सरली. पण ज्यांनी त्यांना पाहिले आहे त्यांना आजही ती आठवतात. एवढ्या दीर्घ आठवणीसाठी कोणी रोज वेगळे चित्र काढत नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे.

याहून बोधप्रद उदाहरण अमूलच्या मुलीचे आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरात संस्थेत, युस्टेस फर्नांडिस यांच्या कुंचल्यातून १९६६ च्या सुमारास ती आली. निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक आणि गोल डोळे. क्रिकेट, निवडणूक, चित्रपट, महागाई; असा एकही विषय नाही ज्यावर तिने तोंड टाकले नाही. मूळ चित्रकारानंतर तिला दुसऱ्या हातांनी रेखाटले. जयंत राणे यांनी तर दीर्घकाळ रेखाटले. रस्त्यावरून जाणाऱ्याला हा हात बदलल्याचे कळले का? नाही. याचा अर्थ असा की एकवळणी चित्रांसाठी एकच चित्रकार जन्मभर लागत नाही. नियम एक असला की हात बदलले तरी चालते. दर तीन वर्षांनी ज्या संस्थेतील विद्यार्थी बदलतात, तिच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

आमच्या विषयाच्या भाषेत याला नावलौकिक किंवा ख्याती म्हणतात. येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लेखा मानक २६ प्रमाणे संस्थेने स्वतःच्या श्रमातून निर्माण केलेली ख्याती किंवा नाममुद्रा ताळेबंदात मत्ता म्हणून दाखवता येत नाही, कारण तिचा खर्च विश्वासार्हपणे वेगळा काढता येत नाही. म्हणजे ती असते, तिच्यावर धंदा चालतो, पण वहीत तिला जागा नाही. महाविद्यालयाच्या चित्रांचे नेमके हेच झाले आहे. ज्याची नोंद होत नाही त्याची काळजी कोणी घेत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही लोणी-रंगाची उदाहरणे विद्यामंदिरात कशाला? विद्यापीठ म्हणजे दुकान नव्हे. मान्य आहे. म्हणून आता विद्यापीठाचेच उदाहरण देते, आणि ते या सर्व जाहिरातींपेक्षा जुने आहे.

रवींद्रनाथ टागोरांनी १९२१ साली शांतिनिकेतनात विश्वभारतीची रीतसर स्थापना केली. तेथील कलाभवन त्याच्याही आधीचे, १९१९ चे. आणि त्याचे सूत्रधार होते नंदलाल बोस. १९३० साली रवींद्रनाथांचे 'सहज पाठ' हे बंगाली बालपुस्तक निघाले, त्यातील काळी-पांढरी चित्रे नंदलालांची आहेत. ठसठशीत काळा, मोकळा पांढरा, खेड्यातील झाडे, माणसे आणि जनावरे, बस्स. बंगाली मुलांच्या पिढ्या अक्षरांबरोबर ती चित्रे शिकल्या.

काँग्रेसची अधिवेशने आपल्या गावाला परकी नाहीत. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेले एकमेव अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावातच झाले. अशाच एका अधिवेशनासाठी, गुजरातेतील हरिपुरा येथे १९३८ साली, गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालांनी भित्तिचित्रफलक केले. ढोलकी वाजवणारा, चांभार, धान्य कांडणारी बाई, कुस्तीगीर अशी खेड्यातील माणसे, जाड वळणदार रेषेत आणि मोजक्या मातकट रंगांत. असे शेकडो फलक तेथे लागले. काही नंदलालांनी स्वतः केले. बाकीच्यांसाठी त्यांच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. सारे मिळून एकाच घराण्याचे दिसतात.

पुढे भारताच्या संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट याच मंडळींकडे आली. उद्देशिकेच्या पानाची नक्षी जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिंह यांची. सिंहमुद्रेचे काम ज्यांच्याकडे आले ते दीनानाथ भार्गव पुढे इंदूरला स्थायिक झाले. १९४९ साली ते बाविशीच्या आसपास होते, आणि सिंह कसा उभा राहतो हे पाहण्यासाठी कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात फेऱ्या मारत होते. वयाने ते माझ्या वर्गातच शोभले असते! देशाच्या सर्वांत गंभीर दस्तऐवजावर विद्यार्थ्यांनी काम केले, तरी तो विद्यार्थ्यांच्या हौशीचा संग्रह झाला नाही. गुरूने वळण ठरवून दिले होते, आणि शिष्यांनी त्या वळणात स्वतःचे कसब ओतले होते. विद्यापीठाचे चित्ररूप म्हणतात ते हेच. तेथे ते जाहिरातीसाठी आले नव्हते. शिकण्यातून आले होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकले. माझ्या शेजारच्या घरातील मैत्रीण कन्नड माध्यमातून. आमचे गणिताचे पुस्तक एकाच राज्य सरकारचे. फक्त तिचे कन्नडमध्ये आणि माझे मराठीत. चित्रे मात्र तीच. त्यामुळे तिला माझ्या पुस्तकातले एक अक्षर वाचता येत नसतानाही ती माझे गणित सोडवू शके. कोन कोणता, बाजू कोणती, हे तिला चित्रावरून कळे. एका चित्राने दोन लिप्यांमध्ये केवढा पूल बांधता येतो हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

आपल्या वार्षिक अंकात काय दिसते? मराठी विभागाच्या पानांवर गड, तोफ आणि तुळशीवृंदावन. कन्नड विभागाच्या पानांवर हंपीचा दगडी रथ आणि यक्षगानाचा मुखवटा. प्रत्येक चित्र आदराचे आहे. यांतील एकही काढून टाकावे असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार एवढीच की ती दोन अनोळखी हातांची आहेत, आणि ती बाजूबाजूला पाहिली की एका महाविद्यालयाचा अंक वाटत नाही. दोन वेगळे अंक एका पिनेने जोडल्यासारखे दिसतात. मजकुराची सीमा ओलांडायला भाषा शिकावी लागते. चित्राला तशी अट नाही, तरी आपण चित्रांचीही सीमा आखून ठेवली आहे. गंमत अशी की हंपीचा तो रथ ज्या देवळाच्या प्रांगणात उभा आहे, ते देऊळ विठ्ठलाचेच आहे. तो गड आणि तो रथ एकाच लेखणीने, एकाच जाडीच्या रेषेत काढले, तर मराठी वाचक रथाशी थांबेल आणि कन्नड वाचक गडाशी. थांबलेला वाचक चित्राखालची ओळ कोणाकडून तरी वाचून घेतो. यापेक्षा मोठे स्वप्न मी पाहत नाही.

हे अशक्य नाही, याचा पुरावा लक्ष्मण यांच्याच आयुष्यात आहे. म्हैसूरच्या तमिळभाषक घरात त्यांचा जन्म; म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिक्षण; 'कोरवंजी' या कन्नड विनोदी मासिकात आरंभीची चित्रे; आणि पुढची कारकीर्द मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात. चौकटीच्या कोटातला, धोतर नेसलेला त्यांचा 'सामान्य माणूस' १९५१ पासून पन्नासांहून अधिक वर्षे मुकाट्याने सारे पाहत राहिला. त्याची मातृभाषा कोणती, हे कोणी विचारले नाही. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा उभा आहे. थोरल्या भावाने, आर. के. नारायण यांनी, कल्पनेने वसवलेले मालगुडी गावही लक्ष्मण यांच्या रेषेत आपण पाहिले. आणि नकाशात नसलेले ते गाव वाचकांना पाहिल्यासारखे वाटू लागले. मराठीतही असे झाले आहे. 'ललित' मासिकात जयवंत दळवी टोपणनावाआड राहून लिहीत, तेव्हा वाचकाला 'ठणठणपाळ'चा चेहरा दिला तो वसंत सरवटे यांच्या रेषेने. एक रेषा पुन्हा पुन्हा भेटली की तिच्याशी ओळख होते, आणि ओळखीतून आपलेपणा येतो. ज्या संस्थेचे चित्र दर पानावर बदलते तिच्याशी अशी ओळख व्हायची कशी?

केवळ तक्रार करून थांबणे बरे नव्हे. म्हणून एकवळणी चित्रे म्हणजे नेमके काय, ते माझ्या समजुतीप्रमाणे मांडते.

पहिली गोष्ट रेषा. सर्व चित्रांची रेषा एका जाडीची असावी, आणि ती फार बारीक नसावी; चित्र लहान करून छापले की बारीक रेषा तुटते. दुसरी रंग. काळा आणि त्याच्या जोडीला संस्थेचा एखादा रंग, एवढे पुरे. आपल्याकडे निम्म्या सूचना झेरॉक्स काढून फलकावर लागतात. जे चित्र झेरॉक्समध्ये काळेकुट्ट होते ते आपल्या उपयोगाचे नाही. तिसरी माणसे. एका पानावर व्यंगचित्रातले मोठे डोके आणि पुढच्या पानावर हुबेहूब तैलचित्र, असे नको. डोके व धड यांचे प्रमाण एकदा ठरवावे. आणि ती माणसे आपल्यातली असावीत: चंदगडच्या एस.टी.ने आणि खानापूरच्या परिवहन बसने येणारी, बुरखा घेणारी, कुंकू लावणारी, कुबड्या घेऊन जिना चढणारी. त्यांच्याबरोबर ग्रंथपाल आणि शिपाईमामाही. छायाचित्रात जो त्या दिवशी हजर असतो तोच येतो, आणि आपल्याकडे बहुधा हार-शाल-श्रीफळवालेच हजर असतात. चित्रात कोणाला आणायचे ते आपल्या हाती असते.

चौथी गोष्ट आपल्यासारख्या संस्थेसाठी सर्वांत महत्त्वाची: चित्रात अक्षरे नसावीत. पाटी, पुस्तकाचे नाव, फळ्यावरचा सुविचार, काहीही नको. अक्षरे खाली, वेगळी. म्हणजे तेच चित्र मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही पानांवर चालेल, आणि कोणत्या भाषेला आधी मान दिला हा वाद चित्रापुरता तरी उद्भवणार नाही. पाचवी, बोधचिन्ह चित्रात गुंफू नये. दिव्याला डोळे काढायचे, पुस्तकाला हातपाय फोडायचे, हे प्रकार हौसेने होतात. पण सही ही सहीच्या जागी राहू द्यावी. सहावी, चित्र पानपूरक म्हणून वापरू नये. मजकूर कमी पडला म्हणून गुलाबाचे फूल टाकणे, हे उत्तरपत्रिकेची पाने भरण्यासारखेच आहे. परीक्षेचे वेळापत्रक, शुल्काची सूचना, श्रद्धांजली येथे चित्र नसलेलेच बरे.

यावर दोन आक्षेप येतील असे दिसते. पहिला, की अशा नियमांनी विद्यार्थ्यांच्या प्रतिभेचा कोंडमारा होईल. मला ते पटत नाही. ओवीचे आणि अभंगाचे बंधन ठरलेले आहे म्हणून संतांची प्रतिभा कोंडली गेली, असे आपण म्हणत नाही. चित्रकला प्रदर्शनात ज्याने त्याने आपापल्या शैलीत काढावे. तेथे नियम आणणे वेडेपणाचे होईल. पण माहितीपत्रक हे संस्थेचे बोलणे आहे, व्यक्तीचे नव्हे. कबड्डीच्या संघातही प्रत्येकाचा खेळ वेगळा असतो. बनियन मात्र एकच असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आमच्या शाखेच्या विद्यार्थिनीने खर्चाचा विचार केला नाही तर लाजिरवाणे होईल. वर सांगितलेल्या नियमांपैकी एकालाही पैसा लागत नाही. उलट आजची पद्धत महाग पडू शकते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र ही कलाकृती आहे, आणि तिचा हक्क चित्रकाराच्या हयातीत व त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. आंतरजालावर दिसले म्हणून ते बेवारस ठरत नाही. दुसऱ्याचे चित्र न विचारता छापणारी संस्था विद्यार्थ्यांना नक्कल करू नका असे कोणत्या तोंडाने सांगणार?

तेव्हा माझी सूचना अशी आहे. पुढील वार्षिक अंकासाठी दोन विद्यार्थी चित्रकार निवडावेत, एक मराठी विभागातून आणि एक कन्नड विभागातून. दोघांनी मिळून पंचवीस-तीस चित्रांचा एक संच करावा: वर्ग, ग्रंथालय, पाऊस, बस, मैदान, उपाहारगृह, गड, रथ. कोणते चित्र कोणी काढले हे बाहेरून ओळखू येऊ नये, हीच त्यांची परीक्षा. त्यांच्या मदतीला एक प्राध्यापक असावेत. नियम एका कागदावर मावतील इतके थोडे असावेत आणि तो कागद कार्यालयात लावावा. आणि एक चित्रवही ठेवावी. जमाखर्चाच्या वहीसारखीच तिची मांडणी असावी: चित्राचा क्रमांक, काढणाऱ्याचे नाव, तारीख, कोठे वापरले. दर वर्षी त्यात पाच-सहा नव्या चित्रांची भर पडेल. काढणारे पदवी घेऊन निघून जातील, वही राहील. पाच वर्षांनी तो संच पाहून विद्यापीठालाही इतर महाविद्यालयांना असे काही सुचवावेसे वाटले, तर आनंदच आहे. पण आरंभ वरून येण्याची वाट पाहू नये. असली परिपत्रके बहुधा सहीपुरतीच निघतात.

आपल्या भागात पाटीवर कोणती भाषा, किती मोठ्या अक्षरात, आधी कोणती आणि नंतर कोणती, यावर खूप बोलणे झाले आहे आणि पुढेही होईल. ते प्रश्न खोटे आहेत असे मी मानत नाही. माझ्या आजोबांचे अर्धे आयुष्य त्यांत गेले. परंतु अक्षरांचा निकाल लागेपर्यंत चित्रांनीही एकमेकांकडे पाठ करून बसावे, असे कोणत्याही आयोगाने सांगितलेले नाही. तेवढी जागा आपल्या हातात आहे. ती दोन्ही विभागांच्या संपादकांनी एकत्र बसून भरावी, एवढीच माझी विनंती आहे. आणि त्या बैठकीत चित्रवही आखण्याचे काम मी आनंदाने करीन.